सरासरीनं वावर भिजत नाही

२०२३चा सप्टेंबर संपला त्या दिवशी मोबाइलवर बातमी आली: मॉन्सूनचे चार महिने संपले, देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. दहावीला एवढे मिळाले असते तर घरात पेढे वाटले असते. संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा पुण्यातल्या खोलीत बसून मी त्यांना ती बातमी वाचून दाखवली. कशासाठी, कोण जाणे. कदाचित बरं वाटेल म्हणून. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मंग राह्यलेले सहा टक्के आपल्याच वावरात कमी पडले काय रे बाबू?"

आमचं वावर चार एकर. दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधे, अमरावती जिल्हा संपून अकोला जिल्हा सुरू होतो त्या पट्ट्यात. त्या साली दोन एकर सोयाबीन, दोन एकर पऱ्हाटी, मधे तुरीचे तास. जुलैत पाणी असं लागून राहिलं की डवरा घालायला वापसाच मिळेना. तण पिकाच्या वर गेलं. ऑगस्ट उजाडला आणि आभाळ बंद झालं. सोयाबीन ऐन फुलावर होतं. फुलं गळाली, ज्या शेंगा धरल्या त्या चपट्या राहिल्या. सप्टेंबरात पाऊस परतला तोवर पानं पिवळी पडायला लागली होती. येलो मोझॅक. विदर्भात त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी हाच शब्द होता.

आता त्या ९४ टक्क्यांच्या पोटात काय होतं ते बघा. हवामान खात्याच्याच आकड्यांनुसार देशात त्या वर्षी जुलैमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस पडला. ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के जास्त. आधी बुडवलं, मग होरपळवलं, मग पुन्हा भिजवलं. सगळ्याची बेरीज केली, उत्तर आलं ९४. गणित बरोबर आहे. त्या गणितातून वावर तेवढं गायब झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. वऱ्हाडातल्या कोरडवाहू कास्तकाराला हवामान बदल भेटतो तो दिवसांच्या हिशेबात. सरकार, विमा कंपन्या आणि बातम्या वाचणारे आपण तो मोजतो हंगामाच्या आणि मंडळाच्या सरासरीत. या दोन हिशेबांमधे जी फट आहे तिच्यात त्याचं नुकसान पडतं आणि दिसेनासं होतं. ही फट कुणाच्या लक्षात आलेली नाही असं मला वाटत नाही. ती बुजवली जात नाही, कारण ती बुजवायला पैसे लागतात, आणि न बुजवल्यानं पैसे वाचतात.

आमच्या धंद्यात सरासरी सांगणाऱ्याला हसतात

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादं ॲप उघडायला किती वेळ लागतो हे सांगताना आमच्याकडं कुणी नुसती सरासरी सांगितली तर मीटिंगमध्ये त्याची थट्टा होते. समजा शंभर जणांनी ॲप उघडलं. नव्व्याण्णव जणांना ०.२ सेकंद लागले आणि एकाला अख्खं मिनिट. सरासरी निघते ०.८ सेकंद. स्लाइडवर छान दिसते. पण तो एक जण केव्हाच ॲप काढून टाकून मोकळा झालेला असतो. म्हणून आम्ही पी-९९ नावाचा आकडा बघतो, म्हणजे टोकाच्या एक टक्का लोकांचं काय झालं ते. ज्याला गिऱ्हाईक गमवायचं नसतं तो टोकावर लक्ष ठेवतो. टोकावरच्या माणसाशी ज्याला काही देणंघेणं नाही, त्याचं सरासरीवर भागतं.

हवामानाच्या बाबतीत तर टोकंच वाढत चालली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोसमी पावसाचं एकूण प्रमाण घटत गेलं, पण मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. थोडक्यात, पाऊस कमी दिवसांत उरकायला लागला. हे शास्त्रज्ञांनी उपकरणं लावून, आकडे तपासून मांडलं. बाबा तेच एका वाक्यात सांगतात: "पानी आता पाहुन्यावानी येते. येते तवा घरभर, आन् गेला की महिनाभर पत्ता नाही."

एवढं कळलेलं असताना आपण अजून टक्केवारीच वाचतो. २०२५मध्ये देशात मॉन्सून १०८ टक्के झाला. म्हणजे डिस्टिंक्शनच. त्याच वर्षी २६ मेला तो मुंबईत पोचला, नोंदींतला सर्वांत लवकर, आणि मथळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर जवळपास अडीच आठवडे तो पुढं सरकलाच नाही. लवकर आला म्हणून ज्यांनी घाईनं बियाणं मातीत टाकलं त्यांच्यापुढं दुबार पेरणी उभी राहिली. आणि हंगाम संपता संपता महाराष्ट्रात एवढी अतिवृष्टी झाली की ऑक्टोबरात सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांचं मदत पॅकेज जाहीर करावं लागलं. ९४ टक्क्यांतही नुकसान, १०८ टक्क्यांतही नुकसान. मग तो टक्का नेमकं काय सांगतो?

मृग ते हस्त

आपण शहरात गेलेली पोरं नक्षत्रांना हसतो. कुठल्या नक्षत्राचं वाहन बेडूक, कुठल्याचं गाढव. जळगाव जामोदजवळच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं भाकीत सांगतात, त्यावर मीम बनवतो. भाकीत खरं ठरतं असं मीही म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त: यातलं प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. म्हणजे ज्याला आपण अडाणी समजतो त्या माणसाची पाऊस मोजायची पट्टी पंधरवड्याची आहे. आणि उपग्रह बाळगणाऱ्या राज्याची चार महिन्यांची.

पंधरवडा का महत्त्वाचा, हे पिकाला विचारावं. काळ्या मातीत साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो, आणि ते बरोबर आहे. तो पाऊस मृगात आला तर मूग-उडीद पेरता येतो. आर्द्रा कोरडी जाऊन जुलैचा पहिला पंधरवडा ओलांडला की मुगाची वेळ गेली. सोयाबीनला पाणी हवं फुलावर आणि शेंगा भरताना, म्हणजे आश्लेषा-मघात. काढणीला आल्यावर त्याच पाण्यानं शेंगा कुजतात. पऱ्हाटीला पात्या-फुलं लागताना ताण बसला की ती गळतात. बोंडं फुटल्यावर पाऊस आला की कापूस वेचायच्या आधीच पिवळा. एकूण पाऊस तेवढाच ठेवून नुसत्या तारखा इकडच्या तिकडं करा, अख्खं साल उलटं होतं.

मुगाचंच घ्या. खारपाणपट्ट्यात जुनी पद्धत होती: खरिपात मूग, आणि त्याच वावरात पुढं ओलीवर हरभरा. साठ-सत्तर दिवसांचा मूग पोळ्याच्या सुमारास घरात पैसा आणायचा. त्या पैशात बैलांचा साज, पोरांची फी, दुकानदाराची उधारी. सोयाबीन-कापसाचे पैसे दिवाळीच्या तोंडावर येतात. तोवरची खिंड मूग लढवायचा. आता कधी पेरणीच लांबते म्हणून मूग पेरला जात नाही, आणि पेरला तर तोडणीच्या वेळी झड लागते आणि शेंगेतच कोंब फुटतात. बाबांनी काही वर्षांपूर्वी मूग सोडला. कुठल्याही पंचनाम्यात हे नुकसान आलं नाही. न पेरलेल्या पिकाचा पंचनामा कसा करणार? पण ऑगस्टमधल्या त्या खिंडीत आता कृषी केंद्रवाल्याची उधारी उभी असते, आणि ती व्याजासकट असते.

वरुड-मोर्शीकडं संत्र्याचं तेच. मृग बहार घ्यायचा तर मे महिन्यात झाडाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो. मग जूनच्या पावसावर ते फुलतं. मेमध्येच अवकाळी पाऊस झाला की ताण मोडला. जूनचा पाऊस लांबला की झाड ताणातच वाळत जातं. आणि तिथं बोअर इतक्या खोल गेल्यात की वेळेला वरून पाणी द्यायचं म्हटलं तरी सगळ्यांना जमत नाही.

"विहीर का नाही घेत तुम्ही?"

पुण्यात मला हा प्रश्न अनेकदा आला. चांगल्या मनानं विचारतात. त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून शेकडो गावं अशी आहेत जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे. याला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं तर काही वर्षांत माती बिघडते, आणि पिऊ म्हटलं तर माणसाचं शरीर. वरची माती खोल, काळी, चिकट. पाऊस जास्त झाला तर पाण्याचा निचरा होत नाही. तुरीची मुळं सडतात. पाऊस थांबला तर तीच माती हात आत जाईल एवढ्या भेगा टाकते. म्हणून इथं तीन आठवड्यांच्या खंडाचा अर्थ सिंचनवाल्या भागाहून वेगळा आहे. तिकडं खंड पडला की मोटर सुरू करतात. इकडं खंड पडला की आभाळाकडं बघतात, कारण दुसरं बघण्यासारखं काही नाही.

काहीच केलं गेलं नाही असंही नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला पोकरा, हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीच आखला होता. १५ जिल्ह्यांतली सुमारे ५ हजार गावं त्यात होती आणि खारपाणपट्ट्याचा त्यात मुद्दाम समावेश केला होता. शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचं एक ओलित ऑगस्टच्या खंडात मिळालं तर सोयाबीन वाचतं, हे ज्यांच्याकडं शेततळं झालं त्यांनी पाहिलं आहे. पण शेततळ्याला जमीन द्यावी लागते. चार एकरवाल्यानं त्यातली किती गुंठे पाण्याखाली घालायची? आणि अनुदान बहुतेक वेळा काम झाल्यावर खात्यात येतं. आधी खर्च करायला ज्याच्याकडं आहे त्यालाच ते मिळतं. म्हणजे संकटाशी जुळवून घेण्याची सोयसुद्धा ज्याला थोडी ऐपत आहे त्याच्यासाठी.

नियमांची चाळणी

आता मूळ भांडणाकडं येऊ.

नुकसान झालं हे सरकारनं मानावं यासाठी महाराष्ट्रात काही ठरलेले आकडे आहेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदत. कोरडवाहू पिकाला आपत्ती निवारण निधीच्या निकषांनुसार हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४००. बियाणं आणि १,३५० रुपयांची डीएपीची एक बॅग, यातच ते संपतात. मजुरी, फवारणी, वर्षभराचं पोट हे त्या आकड्यात कुठंच नाही.

मंडळ म्हणजे साधारण वीस-तीस गावं आणि त्यांचं एक पर्जन्यमापक. महावेध प्रकल्पातून २०१७पासून राज्यात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पाऊस मंडळाची हद्द बघून पडत नाही. गावाच्या ओढ्याअलीकडं वावरात पाणी वाहतं आणि पलीकडं धूळ बसत नाही, हे वऱ्हाडात लहान पोराला माहीत असतं. मापक ज्या गावात, तिथला पाऊस तीस गावांचा.

२०२३च्या त्या कोरड्या ऑगस्टनंतर ३१ ऑक्टोबरला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत अमरावतीचा एक तालुका नव्हता, अकोल्याचाही एक नव्हता. नंतर मंडळांची दुसरी यादी आली, तिची कसोटी पुन्हा बेरजेचीच: जून ते सप्टेंबर सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस. जुलैत ज्याचं वावर बुडालं त्याची बेरीज फुगली; ऑगस्टमध्ये त्याचंच पीक वाळलं आणि त्या फुगलेल्या बेरजेनं त्याला यादीबाहेर ठेवलं. ज्या पावसानं अर्धं मारलं, तोच उरलेल्या अर्ध्याच्या भरपाईच्या आड आला.

विम्यात याहून बारीक काम आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ची. तीत भरपाई ठरते ती उंबरठा उत्पादनावरून: मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि महाराष्ट्रात तिचे ७० टक्के धरायचे. मंडळातल्या मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. त्यातून निघालेलं मंडळाचं उत्पादन उंबरठ्याखाली गेलं तर भरपाई. ऐकायला वाजवी वाटतं. आता समजुतीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका मंडळात सात वर्षांचं सोयाबीन एकरी ७, ६, ८, ४, ७, ६, ३ क्विंटल. चांगल्या पाचांची सरासरी ६.८, उंबरठा सुमारे पावणेपाच. चार क्विंटल झालं तर भरपाई मिळेल. पुढची सात वर्षं हवामान बिघडत गेलं: ५, ३, ४, ६, ३, ५, ४. चांगल्या पाचांची सरासरी ४.८, उंबरठा ३.४. आता चार क्विंटल झालं तर एक रुपया नाही. तेच चार क्विंटल. आधी नुकसान होतं, आता ते 'नेहमीचं' झालं.

हे मी आमच्या भाषेत सांगतो. सर्व्हर मंद झाला की अलार्म वाजावा म्हणून आपण एक मर्यादा ठेवतो. ती मर्यादाच मागच्या काही दिवसांच्या मंदपणावरून आपोआप खाली सरकत असेल, तर सर्व्हर हळूहळू मरेल आणि अलार्म कधीच वाजणार नाही. कुठल्याही कंपनीत असं डिझाइन करणाऱ्याला विचारतील, की बाबा, तू अलार्म बसवलास की तो बंद करायची सोय केलीस? हळूहळू येणारं संकट न दिसण्यासाठी याहून चांगली यंत्रणा मला तरी सुचत नाही. आणि हवामान बदल हळूहळूच येतो.

पावसाच्या खंडासाठी वेगळी तरतूद होती. हंगामाच्या मधे प्रतिकूल परिस्थिती आली तर २५ टक्के आगाऊ भरपाई. २०२३मध्ये २१ दिवसांहून जास्त खंड पडलेल्या मंडळांसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी तशा अधिसूचना काढल्या. अनेक जिल्ह्यांत विमा कंपन्यांनी आक्षेप घेतले, अपिलं केली. मधे एखाद्या दिवशी शिंतोडे पडले तर खंड तुटला का? हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत अडीच मिलिमीटर झाले की तो 'पावसाचा दिवस'. ऑगस्टच्या उन्हात भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर अडीच मिलिमीटर म्हणजे काय, हे बघायला कुणी येत नाही.

त्या ऑगस्टअखेरीस मी इथून बाबांसाठी विम्याची तक्रार नोंदवायला बसलो होतो. ७२ तासांत कळवायचं असतं. फॉर्ममध्ये 'घटनेचा प्रकार' होता: पूर, गारपीट, ढगफुटी, वीज पडून आग. खाली 'घटनेची तारीख'. मी बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत बसलो. जो पाऊस आलाच नाही, त्याची तारीख कोणती टाकू? कुठल्या दिवसापासून बहात्तर तास मोजू? फॉर्म बनवणारे माझ्यासारखेच कुणीतरी असणार. त्यांना दिलेल्या यादीत न घडणं ही घटना नव्हती.

आणि २०२५च्या खरिपापासून हा प्रश्नही मिटला. एक रुपयाची योजना बंद झाली; खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना २ टक्के आणि कापसाला ५ टक्के हप्ता पुन्हा आला; आणि हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, पेरणीच न होणं, काढणीनंतरचं नुकसान या चारही तरतुदी काढून टाकल्या. उरला फक्त पीक कापणी प्रयोग आणि तो सरकता उंबरठा. ज्या दशकात पाऊस जास्त लहरी झाला, त्याच दशकात लहरीपणाची भरपाई देणारी कलमं गेली.

पण...

पण एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्ज आले होते. आले होते. दुसऱ्याच्या, सरकारी, पडीक जमिनीवर विमे काढले गेले. त्यांना पकडा. एखाद्या ॲपवर खोटी खाती उघडली गेली तर आम्ही खोटी खाती बंद करतो. खऱ्या माणसांचं लॉगिन काढून घेत नाही.

पण शेतकऱ्यांनीच पिकं बदलावीत, ज्वारी-बाजरीकडं वळावं. सल्ला वाईट नाही. आम्हीही सोयाबीनवर सोयाबीन घेत माती थकवली, हे कबूल. फक्त आधी सांगा की ज्वारी घेतल्यावर रानडुकरांपासून ती कोण राखणार आणि बाजारात तिला भाव कोण देणार. पीक बदलणं म्हणजे फोनची थीम बदलणं नव्हे. चुकलं तर परत जाता येत नाही, साल गेलेलं असतं.

पण खरा रोग हवामान नाही, भाव आहे. हा आक्षेप मला सर्वांत जवळचा, कारण शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं वऱ्हाडाला तोच शिकवला आणि तो खोटा नव्हता. २०२४मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि हंगामात बाजार त्याच्या कितीतरी खाली होता. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि नंतर ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात येण्याच्या काळापुरती. पण भाव आणि पाऊस ही दोन वेगळी संकटं नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. चांगल्या भावात एक वाईट साल पचवता येतं. पडलेल्या भावात एका कोरड्या ऑगस्टनं तीन वर्षांची उधारी होते. म्हणून 'हवामान बदल' हा शब्द सरकारच्या तोंडून ऐकला की मी सावध होतो. पूर्वी देवाची करणी म्हणायचे, आता हवामान बदल म्हणतात. दोन्हींत जबाबदारी आभाळावर टाकता येते. आभाळ बदललं ते आम्हालाही दिसतं. नियम कुणी बदलले ते आभाळाला विचारून भागणार नाही.

हे बदलता येतं

बदलता येतं याचा पुरावा जवळच आहे. अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरची अट पूर्ण होत नाही, पण रोज थोडा थोडा पाऊस लागून पीक सडतं, अशी ओरड शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं केली. २०२३च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती मानली. सलग पाच दिवस दररोज किमान १० मिलिमीटर, आणि पिकाच्या हिरवेपणाची उपग्रहावरून पडताळणी. निकष कडक आहेत, पण त्यात पहिल्यांदा सरकारनं पाऊस किती पडला याच्या जोडीला कसा पडला हे विचारलं. जे झडीला लागू होतं ते खंडाला का नाही?

मागण्या फार नाहीत. पिकाच्या अवस्थेनुसार कोरडे दिवस मोजा: फुलावरच्या सोयाबीनला पंधरा कोरडे दिवस आणि कोवळ्या पऱ्हाटीला पंधरा कोरडे दिवस एक नव्हेत. उंबरठा उत्पादन घसरणीबरोबर खाली नेऊ नका; एका जुन्या, चांगल्या काळाच्या पातळीवर ते गोठवा. ग्रामपंचायतीपर्यंत हवामान केंद्र नेण्याची केंद्राची विंड्स योजना कागदावरून गावात आणा, आणि प्रत्येक केंद्राची रोजची नोंद कुणालाही उतरवून घेता येईल अशी खुली ठेवा. आकडे मिळाले तर हिशेब तपासायला वऱ्हाडातली हजारो पोरं पुण्या-बंगळुरात बसलेली आहेत. दिवसभर आम्ही दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांचे पी-९९ सुधारत असतो. गावाचा एक खंड मोजणं आम्हाला जड नाही. आणि पॅकेजबद्दल एवढंच: मिळालेली मदत कुणी नाकारत नाही. पण पॅकेज मंत्र्याच्या तोंडून जाहीर होतं, हक्क नियमात लिहिलेला असतो. पहिल्यासाठी आभार मानावे लागतात. दुसऱ्यासाठी नुसती तारीख दाखवली की पुरतं.

तोवर एक छोटी गोष्ट तुमच्या हातात आहे. 'राज्यात सरासरीइतका पाऊस' असा मथळा दिसला की पुढं पाठवायच्या आधी विचारा: किती दिवसांत?

आमच्या घरी भिंतीवर कृषी केंद्रानं फुकट दिलेलं कॅलेंडर असतं. बाबा त्यावर पाऊस लिहितात. मिलिमीटर त्यांना माहीत नाहीत. पाऊस थांबला की ते वावरात जातात, खुरप्यानं माती उकरतात आणि ओल कुठवर गेली ते बोटांनी मोजतात. मग चौकटीत लिहितात: 'दोन बोटं', 'वीतभर', 'धूळ बसली नाही', 'तास फुटले'. २०२३च्या ऑगस्टच्या पानावर फक्त रेघा आहेत, एकाखाली एक. ते पान मी फोटो काढून ठेवलंय. कुठल्याच फॉर्ममध्ये ते अपलोड करता येत नाही.

दर मे महिन्यात ते फोनवर एकदा तरी विचारतात, "बाबू, यंदा मूग पेरून पाहू काय?" माझ्या फोनमध्ये हवामानाची चार ॲप्स आहेत. मी चारही उघडतो, आणि म्हणतो, "थांबा बाबा, बघून सांगतो."